सिंहगड चढून पिठलं-भाकरी: वजन उतरवताना आहार आणि व्यायामाचा हिशेब

रविवारी सकाळी सहाला आतकरवाडीतून सिंहगड चढायला लागायचं, घामाघूम होऊन वर पोचायचं आणि मग मांडी घालून बसायचं. कांदाभज्यांची एक बशी, पिठलं, दोन भाकऱ्या, ठेचा, मडक्यातलं दही वर साखर घालून. हा कार्यक्रम मी चार वर्षं जवळजवळ न चुकता केला. त्याच चार वर्षांत माझं वजन सहा किलोनं वाढलं.

हिशेब मांडायची बुद्धी फार उशिरा झाली. ऐंशी किलोचा माणूस साधारण सहाशे मीटरची चढण चढतो तेव्हा साडेचारशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात, उतरण्याच्या आणखी शंभरेक धरा. (इथे कॅलरी म्हणजे खाण्याच्या पाकिटावर छापलेली असते ती, किलोकॅलरी.) म्हणजे जेमतेम साडेपाचशे-सहाशे. वर बसून खाल्लेलं मोजू: दोन भाकऱ्या साडेतीनशे, पिठलं अडीचशे, भजी तीनशे, दही-साखर दीडशे. झाले हजाराच्या वर. शिवाय 'आज गड केलाय' म्हणून दुपारी दोन तास झोप आणि रात्री एक पोळी जास्त, ते वेगळंच.

मग मी उलट टोकाला गेलो. एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या ट्रेनरनं रात्री फक्त सूप, सकाळी दीड तास ट्रेडमिल आणि भात-पोळी बंद असा बेत दिला. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. ऑफिसात कौतुक झालं, पँटी शिंप्याकडून आत घेऊन आणल्या. पुढच्या गणपतीपर्यंत अकरा किलो परत आले आणि त्याच पँटी पुन्हा उसवून घ्याव्या लागल्या. शिंपी काही बोलला नाही, पण हसला.

या दोन्ही फजित्यांतून मला समजलं ते असं: वजन किती उतरणार हे मुख्यतः ताटात ठरतं. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि स्नायू किती, आणि उतरलेलं पुढे टिकणार का, हे व्यायामावर ठरतं. ज्याचं काम त्याला दिलं की निम्मा गोंधळ संपतो. चालून चालून खाल्लेलं जाळायला गेलात तर दमाल, आणि नुसतं उपाशी राहिलात तर अंगातली ताकद गमावाल. दुसऱ्या खेपेला मी चौदा महिन्यांत ८२ वरून ७२ किलोवर आलो, आणि त्याला आता दोन वर्षं होतील. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमानं.

आधी डॉक्टर, आणि आधी फीत

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर खाणं कमी आणि चालणं जास्त असं एकदम केल्यानं साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस आधी बदलून घ्यावा लागतो आणि तो डॉक्टरांनीच बदलायचा असतो. रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयविकार, गरोदरपण, गुडघ्याचं जुनं दुखणं, किंवा पूर्वी खाण्याच्या बाबतीत मानसिक त्रास झालेला असेल, तरीही आधी विचारा. यात पुणेरी हट्ट नको.

मग शिंप्याची फीत घ्या. सकाळी, काही न खाता, श्वास सोडल्यावर, बेंबीच्या पातळीला पोटाचा घेर मोजा. आपल्याकडे पुरुषांनी ९० सेंमी आणि बायकांनी ८० सेंमी ही मर्यादा मानतात. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा) म्हणाल तर आपल्यासाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

फरक का, त्याचं उत्तर पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सारखे दिसणारे दोघे, आत मात्र कितीतरी वेगळे. आपल्यात 'दिसायला बारीक पण पोट सुटलेला' माणूस घरटी एक असतो तो यामुळे. आणि म्हणूनच नुसतं वजन उतरवण्यापेक्षा स्नायू राखून चरबी उतरवणं आपल्याला जास्त गरजेचं आहे.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका, लिहा

सात दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वहीत किंवा फोनमध्ये लिहायची. भाजीची चव बघताना खाल्लेला चमचाभर, मुलानं टाकलेलं अर्धं सँडविच, ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सगळं. या आठवड्यात शहाण्यासारखं खायचं नाही, नेहमीसारखं खायचं. नाहीतर वही खोटी होते.

पाच-सातशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. मी पीठ मोजायला बसलो तेव्हा आई म्हणाली, "सोनाराचं दुकान काढलंस का रे?" पण त्या काट्यानं जे दाखवलं ते तिलाही पटलं. आमच्या घरात 'एक वाटी' म्हणजे तीन वेगवेगळ्या मापांच्या वाट्या होत्या. साखरेच्या डब्यातला चमचा सपाट भरला तर पाच ग्रॅम, पण चहात पडायचा तो शीग लावून, म्हणजे आठ ग्रॅम. दिवसाचे चार चहा, प्रत्येकात असे दोन चमचे: ६४ ग्रॅम साखर, अडीचशे कॅलरी. आमच्याकडे कुणी 'गोड खातच नाही' असं आम्ही सांगत असू.

तुमचा आकडा

शरीराला बसल्याजागी रोज किती कॅलरी लागतात याचं एक बऱ्यापैकी सूत्र आहे. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंमीत गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुषांनी शेवटी ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे. बैठं काम असेल तर येणाऱ्या आकड्याला १.३५ नं गुणा.

माझं तेव्हाचं: ८२ किलो, १६८ सेंमी, वय ४६. ८२० + १०५० − २३० + ५ = १६४५. गुणिले १.३५, म्हणजे सुमारे २२२०. एवढं खाल्लं तर वजन जागच्या जागी. त्यातून साडेचारशे काढले, राहिले १७७०. ७० किलो, १५५ सेंमी, ४२ वर्षांच्या बाईचा आकडा येतो साधारण १७५०, आणि चारशे काढल्यावर १३५०. बायकांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली स्वतःच्या मनानं जाऊ नये. तिथून पुढे अशक्तपणा, केस गळणं आणि रात्री अकराला फ्रीज उघडणं सुरू होतं.

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोज साडेचारशेची तूट म्हणजे आठवड्याला चारशे ग्रॅम. ऐकायला भिकार वाटतं, मलाही वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात ते बहुतेक पाणी असतं, कारण स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं आणि साठा कमी झाला की तेही जातं. 'सात दिवसांत पाच किलो' अशा जाहिराती या पाण्यावर चालतात.

तेलाचा डबा

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात मोठी बचत इथे आहे, त्यामुळे जरा थांबतो.

आमच्या घरात चार माणसं. महिन्याला पाच लिटरचा शेंगदाणा तेलाचा कॅन लागायचा. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर तेल. भागिले चार माणसं, भागिले तीस दिवस. प्रत्येकाच्या पोटात रोज ३८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी, तूप आणि बाहेरचं खाणं सोडून. यात कुणाला खादाड म्हणता येणार नाही. फोडणी सढळ हातानं, घडीच्या पोळीत तेल, वांग्यावर तवंग आल्याशिवाय भरली वांगी झाल्यासारखी वाटत नाहीत, एवढंच.

तुमच्या घरचा आकडा असाच किराण्याच्या यादीवरून काढा. अॅपपेक्षा तो खरा निघतो.

आम्ही महिन्याला तीन लिटरवर आलो. त्यासाठी वेगळा स्वयंपाक केला नाही. घरातल्या एकासाठी वेगळं शिजवायचं ठरवलं की तो बेत पंधरा दिवसांत कोसळतो. बदललं ते एवढंच: कढईत थेट कॅनमधून ओतणं बंद, मोजायचा चमचा आला. एका मोठ्या चमच्यात १५ मिली मावतं, म्हणजे सुमारे १२० कॅलरी. चौघांच्या भाजीला असे दोन चमचे. फोडणीत मोहरी तडतडायला तेल गरम लागतं, फार लागत नाही. रस्सा दाट करायला दाण्याचं कूट निम्मं आणि उरलेली जागा भाजलेल्या कांद्याला. पोळ्या रोजच्या फुलके, रविवारी घडीच्या. तीस ग्रॅम कणकेचा फुलका शंभर कॅलरीचा. त्यात घडीचं तेल आणि वरून चमचाभर तूप आलं की तीच पोळी एकशे साठला पोचते. दिवसाला पाच पोळ्या धरल्या तर फरक तीनशेचा, आणि पोट तेवढंच भरतं.

तूप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वरणभातावर एक छोटा चमचा तूप हवंच, फक्त तो चमचा असावा, धार नको.

प्रोटीनचा खड्डा

माझ्या वहीतल्या पहिल्या आठवड्याचं सरासरी प्रोटीन होतं ४८ ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, पातळ वरण, भात, संध्याकाळी चहा-चिवडा, रात्री पुन्हा तेच. घरचं, सात्त्विक, आणि जवळजवळ सगळं पीठ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. खाणं कमी करताना ही गरज वाढते, कारण तुटीच्या दिवसांत शरीर स्नायूही मोडून खातं. मूत्रपिंड ठीक असेल तर तुमच्या ध्येयाच्या वजनामागे १.२ ग्रॅम धरा. मला ७० किलोवर यायचं होतं, म्हणून ८४ ग्रॅम.

दूध, अंडी, डाळी खाणाऱ्यानं हे कसं जमवायचं? माझा दिवस: सकाळी दोन उकडलेली अंडी (१२ ग्रॅम) आणि एक फुलका. दुपारी मटकीची उसळ मोठी वाटी भरून. कोरडी मटकी ४० ग्रॅम घेतली तर ९ ग्रॅम. घट्ट वरण, कोरडी डाळ ४० ग्रॅम, आणखी ९. दही २०० ग्रॅम, साडेसहा-सात. संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे, सहा. रात्रीच्या भाजीत ३० ग्रॅम सोया चंक्स, १५. दुधाचा एक पेला, आठ. उरलेलं पोळी-भाकरी आणि भाज्यांमधून. ऐंशी सहज ओलांडतात. मासे-चिकन खाणाऱ्यांना तर काहीच अडचण नाही: शंभर ग्रॅम बांगड्यात १९ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, फक्त तो रव्यात घोळवून तेलात पोहायला सोडू नका.

शेंगदाण्याबद्दल एक. 'प्रोटीन असतं म्हणून' लोक मूठमूठ दाणे खातात. शंभर ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर असतात. दाणा हे आधी तेल आहे, मग प्रोटीन. सोलापूरची चटणी चमचाभर घ्यावी.

ताटाचा क्रमही बदलून बघा. डावीकडची कोशिंबीर, मग उसळ-भाजी-वरण, आणि पोळीभात त्यांच्या मागून. मी भात सोडला नाही. मोठ्या डावानं वाढायचो तो वाटीनं वाढायला लागलो.

चालणं: किती आणि कशासाठी

ऐंशी किलोचा माणूस सपाटीवर एक किलोमीटर चालला की जादा खर्च होतो तो ४५ कॅलरीच्या आसपास. एक वडापाव तीनशेचा धरा. तो फेडायला साडेसहा किलोमीटर. या व्यवहारात माणूस नेहमी हरतो, म्हणून खाल्लेलं फेडण्यासाठी चालू नका. हृदय, साखर, झोप, डोकं ताळ्यावर राहणं यासाठी चाला. त्यानं तुटीत थोडी भर पडते ती बोनस समजा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंचा. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असा वेग. पर्वतीच्या पायऱ्यांवर मोबाइलवर गप्पा मारत जाणाऱ्यांना एवढा वेग येत नाही.

दहा हजार पावलांचं ओझं डोक्यावर घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणीच्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. तुमची आत्ताची सरासरी बघा, समजा ३५०० आहे. दर पंधरवड्याला हजार वाढवा आणि सात-आठ हजारांवर स्थिर व्हा.

मनगटावरच्या घड्याळानं दाखवलेल्या 'जळलेल्या कॅलरी' तर खाण्यासाठी मुळीच वापरू नका. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सात मनगटी उपकरणं तपासली, तेव्हा त्यातल्या सगळ्यात अचूक उपकरणाचीही कॅलरीच्या बाबतीत सरासरी २७ टक्के चूक निघाली. नाडीचे ठोके ती बरी मोजतात. पावलं आणि ठोके तेवढे बघा.

जोर-बैठका, आणि रिकामा तेलाचा कॅन

लोक इथेच टाळाटाळ करतात, विशेषतः चाळिशीच्या पुढच्या बायका, आणि गरज त्यांनाच सगळ्यात जास्त असते. नुसत्या डाएटनं वजन उतरतं तेव्हा त्यातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो. सूप पिऊन उतरवलेल्या माझ्या नऊ किलोंत दोनेक किलो स्नायू गेले असणार. परत आले ते अकरा किलो बहुतेक चरबीचेच असणार. म्हणजे मी आधीपेक्षा जास्त वाईट अवस्थेत पोचलो, तेही वर्षाची फी भरून.

जिम लागत नाही. मंगळवार आणि शुक्रवार, पंचवीस मिनिटं.

बैठका: मागे खुर्ची ठेवा, तिला ढुंगण टेकलं की उठायचं. गुडघे आत पडू द्यायचे नाहीत. सोपं वाटायला लागलं की खुर्ची काढा, मग छातीशी वजन धरा.

जोर: सुरुवात भिंतीला हात टेकून. मग स्वयंपाकघराच्या ओट्याला, मग पलंगाच्या काठाला, मग जमिनीवर. भिंतीपासून जमिनीपर्यंत यायला मला सात महिने लागले.

ओढणं: तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन धुऊन पाण्यानं भरा, पाच किलो झाले. एक हात पलंगावर टेकून वाका, पाठ सरळ, दुसऱ्या हातानं कॅन कमरेपर्यंत खेचा, कोपर मागे. आपण दिवसभर पुढे वाकून बसतो, त्यामुळे हा व्यायाम वगळू नका. सूर्यनमस्कार मला आवडतात, मी अंग गरम करायला सहा घालतो, पण त्यात ओढण्याची हालचाल नाही आणि वजन वाढवायची सोयही नाही. त्यामुळे ते जोडीला ठेवा, याऐवजी नको.

पूल: उताणं झोपून, गुडघे दुमडून, कुल्ले उचलायचे आणि वर तीन आकडे थांबायचं. कंबरदुखीवाल्यांना यानं आराम पडतो, बहुधा कुल्ल्याचे स्नायू वर्षानुवर्षं झोपलेले असतात म्हणून.

प्रत्येकी दहा-बारा वेळा, अशा दोन फेऱ्या, महिन्यानंतर तीन. शेवटचे दोन कष्टानं व्हायला हवेत. बोलत बोलत वीस होत असतील तर वजन वाढवायची वेळ झाली. दुखणं सांध्यात असेल तर थांबा. मांडीत, दंडात दोन दिवस ठणकलं तर ठीक आहे.

दोन्ही एकत्र बसवताना

एकाच सोमवारी सगळं सुरू करायचं नाही, ही यातली मुख्य मेख आहे. मी असं केलं: पहिला आठवडा वही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फक्त तेल आणि चहाची साखर. चौथ्यात प्रोटीन. पाचव्यापासून चालणं. सातव्यापासून जोर-बैठका. एकदम खाणं कमी आणि व्यायाम दुप्पट केला की शरीर दिवसाच्या उरलेल्या वेळात खर्च आटोपतं. तुम्ही जिन्याऐवजी लिफ्ट घेता, बसल्याजागी मुलाला पाणी आणायला सांगता, आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही.

वरच्या सूत्रातून आलेल्या आकड्यात रोजच्या व्यायामासाठी वेगळं खाणं मिळवायचं नाही. तासाभराच्या आतल्या चालण्याला वा पंचवीस मिनिटांच्या बैठकांना जादा काही लागत नाही. सकाळी रिकाम्या पोटी चाललं तरी चालतं. बैठकांच्या दिवशी चक्कर येत असेल तर अर्ध्या तासापूर्वी एक केळं खा, आणि नंतरच्या जेवणात अंडी, उसळ किंवा दही येईल असं बघा. मोठी मोहीम असेल, गड असेल, तर त्या दिवशी दोनशे-अडीचशे जास्त. मी अजूनही सिंहगडावर पिठलं-भाकरी खातो. भजी चौघांत एक बशी आणि दही बिनसाखरेचं.

तोल खरा सुटतो तो संध्याकाळी सहा ते आठमध्ये. दुपारचं जेवण एकला, रात्रीचं साडेनवाला, मध्ये साडेआठ तास आणि हाताशी फरसाणाची बरणी. रात्रीचं जेवण आठला आणणं शक्य असेल तर आणा. नसेल तर सहाला ठरवून खा: फुटाणे आणि ताक, किंवा उकडलेली अंडी, किंवा दुपारच्या उसळीत कांदा-टोमॅटो चिरून. 'भूक लागली तर बघू' असं ठेवलंत की चिवडाच बघाल.

झोपेला मी आधी किंमत देत नव्हतो. शिकागो विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात (२०१०) त्याच दहा माणसांना तेवढ्याच कॅलरी देऊन एकदा साडेआठ आणि एकदा साडेपाच तास झोपायला सांगितलं. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेच्या वेळी उतरलेली चरबी ५५ टक्क्यांनी कमी होती. बाकीचं अंगमांसातून गेलं. पहाटे पाचला उठून व्यायाम करायचा तर रात्री बाराची मालिका सोडावी लागेल.

उपास आणि सणवार

साबुदाण्याची खिचडी एकदा मोजून बघा. कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, २६० कॅलरी. दाण्याचं कूट २५ ग्रॅम, १४०. तूप एक मोठा चमचा, १२०. बटाटा धरून साडेपाचशे, आणि प्रोटीन कुटातलं सहा-सात ग्रॅम. उपासाच्या दिवशी अशा दोन बश्या, वर केळी, वेफर्स आणि रात्री उपास सोडायला पुरणपोळी. चतुर्थीला वजन उतरत नाही ते यामुळे. श्रद्धेनं उपास करत असाल तर रताळं, राजगिरा, दूध, ताक, फळं यांवर करा आणि खिचडी एकच बशी, प्रेमानं खा.

दिवाळीत मी उतरवायचा प्रयत्नच करत नाही. ते दहा दिवस आहे तिथे टिकून राहायचं, चालणं आणि बैठका चालू, फराळ नाश्त्याऐवजी, नाश्त्यावर नाही. बेसनाचा एक लाडू दोनशेच्या घरात जातो. तो जेवणानंतर 'तोंड गोड' म्हणून खाण्याऐवजी चहासोबत बसून, चव घेत खाल्ला तर दुसऱ्याची आठवण जरा उशिरा होते.

काटा हलत नाही तेव्हा

रोज सकाळी वजन करा पण रोजच्या आकड्यावर रडू नका. आठवड्याची सरासरी काढा. लग्नाच्या पंगतीतलं लोणचं-पापड दुसऱ्या दिवशी किलोभर पाणी धरून ठेवतं. बायकांचं वजन पाळीच्या आधी वाढतं. आणि जोर-बैठका सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काटा थांबतो किंवा वर जातो, कारण दमलेले स्नायू पाणी धरतात. माझं याच काळात वजन सहाशे ग्रॅम वाढलं आणि पोटाचा घेर दीड सेंमी कमी झाला. फीत नसती तर मी तेव्हाच सोडून दिलं असतं.

तीन आठवड्यांची सरासरी खरंच तिथल्या तिथे असेल तर आधी तीन दिवस पुन्हा काट्यावर मोजून खा. दहातल्या आठ वेळा उत्तर तिथेच मिळतं. माझ्या बाबतीत मोजायचा चमचा हरवला होता आणि सगळे पुन्हा अंदाजानं ओतत होते. मोजमाप ठीक निघालं तर लक्षात घ्या, हलक्या शरीराला कमी लागतं. ८२ किलोला २२२० लागायचे तिथे ७४ किलोला २११० पुरतात. शंभर कॅलरी कमी करा किंवा दीड-दोन हजार पावलं वाढवा. दोन्ही एकदम नको.

थकवा, थंडी वाजणं, चिडचिड, पाळी अनियमित होणं ही तूट फार झाल्याची लक्षणं आहेत. दोन आठवडे वजन टिकेल एवढं खा, मग पुन्हा उतरा. बरं वाटलं नाही तर थायरॉइड, बी१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. वजन उतरवण्यासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडची इंजेक्शनं डॉक्टरांनी दिली असतील तर भूक इतकी मरते की प्रोटीनही राहून जातं. अशा वेळी उसळ आणि जोर-बैठका जास्तच जपायच्या.

उतरल्यावर

ठरवलेल्या वजनाला पोचलात की दुसऱ्या दिवशी जुन्या ताटावर उडी मारू नका. दर आठवड्याला शंभर कॅलरी वाढवत जा, म्हणजे आधी एक फुलका, मग थोडा भात, आणि सरासरी कुठे थांबते ते बघा. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून ते टिकवलेल्या लोकांची एक मोठी नोंदवही चालू आहे. त्यातले बहुतेक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि रोज सरासरी तासभर हालचाल करतात. उतरवताना अर्ध्या तासानं भागतं, टिकवताना जास्त लागते, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं.

मी कपाटाच्या दाराला आतून एक आकडा चिकटवला आहे: ७४. आठवड्याची सरासरी त्याच्या वर गेली की त्या दिवसापासून पंधरा दिवस वही आणि मोजायचा चमचा परत बाहेर. दोन वर्षांत तीनदा काढावी लागली, तिन्ही वेळा आंब्याच्या नाहीतर फराळाच्या मोसमानंतर. हापूसबद्दल मी काही ठरवलेलं नाही, आणि ठरवणारही नाही.